अंगणात गेलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

मातीची चूल मांडणे, चिंचोके मोजणे, आईच्या मांडीवर पडून चिऊकाऊची गोष्ट ऐकणे, यांस आपण खेळ म्हणतो. शिक्षण म्हणत नाही. यांतच शिक्षणाचा आरंभ आहे असे मानून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक होत.

त्यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजी. त्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा वाद त्या घरी नव्हता. इ. स. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्यांनी आपल्या विदर्भातच, अमरावतीस काढली. पुढे तो संसार टिकला नाही. पदरी लहान मुलगी असता त्यांनी राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयाचे प्रमुखपद पत्करले. जागा मानाची होती. तरीही ती सोडून इ. स. १९२३ मध्ये त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. वकिली टाकून बालमंदिर काढणारा हा गृहस्थ मुलांना गोष्टी सांगण्यात रंगून जाई. डॉ. मॉन्टेसरी यांची पद्धती ताराबाई तेथेच शिकल्या. इ. स. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला व इ. स. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार उघडला.

येथेच त्या थांबत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु एक शल्य त्यांच्या मनात होते. मॉन्टेसरी बाईंनी आपले पहिले बालगृह इ. स. १९०७ मध्ये रोम शहराच्या गरीब वस्तीत उघडले होते. आपल्याकडे मात्र ती पद्धती महागड्या साधनांसह सुखवस्तू घरांपुरती राहिली. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, इ. स. १९४५ च्या अखेरीस, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ ह्या तरुण शिक्षिका तेथे त्यांना मिळाल्या.

बालवाडी सुरू झाली. पण अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले तेथे येईनात. दुसरा कोणी त्यांच्या आईबापांस दोष देऊन स्वस्थ बसला असता. ताराबाईंनी शाळाच त्या वस्तीत नेली. घरापुढील अंगण हाच वर्ग. मुलांना आंघोळ घालावी, केस विंचरावेत, मग गाणी, खेळ व गोष्टी. साधने म्हणाल तर शिंपले, खडे, पाने, बिया. विकत असे काहीच नाही. आया दारातून पाहत, आणि मुलाशी कसे खेळावे हे त्यांना न शिकवताच कळे. ही अंगणवाडी. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हेच. कारण जे दाखवले ते कोणत्याही झोपडीत करता येण्याजोगे होते. मिरचीच्या हंगामात देठे खुडून थकून आलेली आपल्या भिवापुराकडील माउलीही चार बियांची रांग मांडून मुलाला मोजावयास लावू शकते.

इ. स. १९५७ च्या सुमारास हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखीत. म्हणून शिक्षक कुरणात जाऊ लागले व कुरणशाळा निर्माण झाली. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून शाळेशेजारी पाळणाघर आले. भावंड पाळण्यात निजले की ताई पाटी घेऊन बसे. मूल शाळेत का येत नाही, याचे कारण मुलात न शोधता शाळेत शोधावे, ही त्यांची रीत होती. आम्हा शिक्षकांस ती अजूनही पुरतेपणी साधलेली नाही.

इ. स. १९६२ मध्ये सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. पुढे अनुताईंनी इ. स. १९९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत कोसबाडचे काम चालविले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले.