सुकुमार सेन : पहिल्या मतदारयादीचे शिल्पकार

स्वतंत्र भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा विषय निघाला की मतपेट्या, निवडणूक चिन्हे आणि बोटावरील शाई यांची आठवण होते. मात्र त्याआधीचे एक काम अधिक कठीण होते. मतदार कोण हे ठरवून त्याचे नाव यादीत नोंदवायचे होते. देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कर्तृत्वाचा कस याच कामात लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका बंगाली कुटुंबात जन्मलेल्या सेन यांचे शिक्षण कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात आणि नंतर लंडन विद्यापीठात झाले. गणितात त्यांनी सुवर्णपदक मिळवले होते. १९२१ मध्ये ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. अनेक जिल्ह्यांत काम केल्यावर आणि न्यायाधीशपद भूषवल्यावर ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. २१ मार्च १९५० रोजी त्यांनी मुख्य निवडणूक आयुक्तपदाची सूत्रे हाती घेतली.

ब्रिटिश राजवटीत मताधिकार मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण अशा अटींनी मर्यादित होता. धर्मानुसार विभक्त मतदारसंघही होते. राज्यघटनेने ही चौकट मोडली. कलम ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी ठरली आणि कलम ३२६ नुसार २१ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना मताधिकार मिळाला. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने नोंदणीचे नियम घालून दिले. मतदार भारतीय नागरिक असावा, मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा आणि त्याचे नाव एकाच मतदारसंघात, एकदाच नोंदले जावे, असे त्यांचे स्वरूप होते.

प्राथमिक याद्यांचे काम संविधान सभेच्या सचिवालयाच्या मार्गदर्शनाखाली १९४८ मध्येच सुरू झाले होते. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना वास्तव्याचा पुरावा देणे अवघड होते. कायम वास्तव्याचा इरादा लेखी जाहीर केल्यास त्यांची तात्पुरती नोंद करून घेण्याची सोय करण्यात आली. पुढे याद्या टंकलिखित करून जुळवण्यासाठी सुमारे १६,५०० लिपिक सहा महिन्यांच्या करारावर नेमण्यात आले.

खरा पेच उभा राहिला तो स्त्रियांच्या नावांवरून. उत्तर भारतात आणि मध्य भारतात अनेक स्त्रियांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्यास संकोच केला. अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई, एवढीच नोंद प्रगणकांच्या कागदावर आली. अशा नोंदीवरून मतदाराची ओळख पटवणे अशक्य होते आणि तोतयेगिरीला वाव मिळण्याची भीती होती. नाव दिल्याशिवाय नोंदणी नाही, अशी भूमिका सेन यांनी घेतली. परिणामी सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख स्त्रियांना यादीबाहेर राहावे लागले.

या निर्णयाची किंमत मोठी होती. त्या स्त्रिया वयाने आणि नागरिकत्वाने पात्र होत्या, तरीही पहिल्या मतदानाला त्या मुकल्या. या प्रकारावर टीका झाली. मात्र या गदारोळामुळेच पुढील निवडणुकीपर्यंत हा संकोच दूर होईल, अशी सेन यांची धारणा होती. यादी निर्दोष असावी आणि ती परिपूर्णही असावी, या दोन अपेक्षांतील ताण येथे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसून आला.

२५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत मतदानाला प्रारंभ झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये ही प्रक्रिया पूर्ण झाली. यादीत १७ कोटी ३२ लाखांहून अधिक नावे होती. त्यांतील बहुसंख्य मतदार निरक्षर होते. १९५७ च्या निवडणुकीत मतदारसंख्या १९ कोटी ३६ लाखांवर गेली.

दरम्यान १९५३ मध्ये सुदानमधील निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सेन यांनी सांभाळले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण प्रदान करण्यात आले. डिसेंबर १९५८ मध्ये ते निवृत्त झाले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या बर्दवान विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते. त्यानंतर काही वर्षांतच त्यांचे निधन झाले.

घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय १८ वर्षांवर आले. अपात्रतेच्या किंवा स्थलांतराच्या कारणावरून यादीतून नाव वगळण्यापूर्वी संबंधिताला म्हणणे मांडण्याची संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे. वगळलेल्या प्रत्येक नावामागे एक नागरिक असतो, हे त्या २८ लाख स्त्रियांच्या उदाहरणाने प्रजासत्ताकाच्या आरंभीच दाखवून दिले होते.