विश्लेषण : यंत्र न्यूयॉर्कमध्ये, कळफलक हॅनोव्हरमध्ये! जॉर्ज स्टिबिट्झ कोण होते?

घरी बसून परदेशातला सर्व्हर ‘रीस्टार्ट’ करणे आज नेहमीचे झाले आहे. लांबच्या यंत्राकडून तारेवरून काम करून घेण्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक मात्र १९४० मधले. ते घडवले अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ यांनी.

सुरुवात कुठे झाली?

चक्क स्वयंपाकघरात. १९०४ मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मलेले स्टिबिट्झ न्यूयॉर्कच्या बेल लॅबमध्ये नोकरीला होते. १९३७ मध्ये त्यांनी टेलिफोनचे टाकाऊ रिले, टॉर्चचे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून द्विमान पद्धतीने बेरीज करणारे यंत्र बनवले. पत्नीने त्याचे नाव ठेवले ‘मॉडेल के’. के म्हणजे किचन!

मोठे यंत्र कसे चालत असे?

टेलिफोनच्या गणितात संमिश्र संख्यांची आकडेमोड फार. ती करणारे, चारशेहून अधिक रिलेंचे यंत्र अभियंता सॅम्युएल विल्यम्स यांच्या साथीने उभे राहिले आणि जानेवारी १९४० मध्ये कामाला लागले. वापरणाऱ्याला त्याच्यापाशी जावे लागत नसे. इमारतीत इतरत्र ठेवलेल्या टेलिप्रिंटरवर गणित टंकले की उत्तर तिथेच छापून येई. एका वेळी एकच टेलिप्रिंटर चाले; बाकीच्यांनी थांबायचे.

हॅनोव्हरमध्ये काय घडले?

११ सप्टेंबर १९४० रोजी डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांची सभा होती. यंत्र तिथे हलवणे अवघड. स्टिबिट्झ यांनी फक्त टेलिप्रिंटर नेला आणि टेलिफोनच्या तारेने तो साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या न्यूयॉर्कशी जोडला. उपस्थितांनी गणिते घातली, उत्तरे तिथेच छापून आली. श्रोत्यांत नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली होते.

मग यंत्राजवळ जाण्याची गरज संपली का?

नाही. तारेवरून आकडे जातात, अडकलेला रिले मोकळा करायला माणूसच लागतो. गंमत म्हणजे याच मॉकलींनी पुढे उभारलेल्या, १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या ‘एनिॲक’वर नवे गणित घालायचे तर केबली आणि स्विच हातानेच बदलावे लागत. आजही सर्व्हरची हार्ड डिस्क बदलायला कुणाला तरी डेटा सेंटर गाठावेच लागते.

पुढे काय झाले?

स्टिबिट्झ १९६४ मध्ये डार्टमथच्याच वैद्यकीय महाविद्यालयात आले आणि संगणक वैद्यकीय संशोधनासाठी वापरू लागले. त्याच वर्षी त्याच आवारात एक संगणक अनेक टेलिप्रिंटरवरून एकाच वेळी वापरण्याची सोय सुरू झाली. ताटकळणे संपले. ३१ जानेवारी १९९५ रोजी हॅनोव्हरमध्येच स्टिबिट्झ यांचे निधन झाले.