हृदयाच्या लहरी टिपणारा होल्टर

जव्हार किंवा मोखाड्याच्या एखाद्या दूरच्या पाड्यावरून रुग्ण घाट ओलांडून रुग्णालयात पोहोचतो, तोवर छातीतील धडधड शमलेली असते. साध्या ईसीजीत हृदयाच्या जेमतेम दहा सेकंदांची नोंद येते, आणि ती निर्दोष निघते. या निसटत्या ठोक्यांचा माग काढण्याचे तंत्र जगाला दिले ते नॉर्मन जेफरिस होल्टर यांनी. ते डॉक्टर नव्हते आणि महानगरातलेही नव्हते.

अमेरिकेतील माँटाना राज्यात, डोंगरांनी वेढलेल्या हेलेना या छोट्या शहरात १ फेब्रुवारी १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय लोखंडी सामानाचा. होल्टर मात्र भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राकडे वळले. महायुद्धकाळात अमेरिकी नौदलासाठी त्यांनी सागरी लाटांचा अभ्यास केला; १९४६ मधील बिकिनी बेटांवरील अणुचाचण्यांच्या वेळीही लाटांचे मोजमाप त्यांच्याकडे होते. त्यानंतर एखाद्या नामांकित विद्यापीठात स्थिरावण्याऐवजी ते गावी परतले आणि स्वतःची प्रयोगशाळा चालवू लागले.

माणूस चालताना, काम करताना, झोपेत असताना त्याचे हृदय काय करते, हा त्यांचा प्रश्न होता. पहिले यंत्र सुमारे ३८ किलो वजनाचे! ते पाठीवर बांधून होल्टर स्वतःच व्यायामाच्या सायकलवर बसले आणि त्यांच्या हृदयाचा आलेख रेडिओलहरींवरून उमटला. हृद्रोग्याच्या पाठीवर असा बोजा देणे अर्थातच अशक्य होते. पुढे ट्रान्झिस्टर आले, रेडिओऐवजी चुंबकीय फीत आली आणि यंत्र सहज अंगावर वागवता येण्याजोगे झाले.

दिवसभराचे सुमारे एक लाख ठोके वाचायचे कोणी, ही खरी अडचण होती. होल्टर यांनी फीत अनेक पट वेगाने फिरवून ठोके पडद्यावर एकावर एक उमटवले. वेगळा ठोका चटकन नजरेत भरू लागला. १९६१ मध्ये ही पद्धत त्यांनी 'सायन्स' नियतकालिकात मांडली.

२१ जुलै १९८३ रोजी त्यांचे निधन झाले. आज त्यांच्या आडनावाचे यंत्र खिशात मावते, मनगटी घड्याळेही ईसीजी काढतात. परंतु होल्टर लावून घेण्यासाठी एकदा आणि नोंद वाचायला देण्यासाठी पुन्हा, अशा दोन खेपा रुग्णाला कराव्याच लागतात. पाड्यावरच्या मजुराच्या दृष्टीने त्या दोन दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेबही या चाचणीच्या खर्चातच धरावा लागतो.