महात्मा गांधी आणि मीठ

महात्मा गांधी यांचे पूर्ण नाव मोहनदास करमचंद गांधी. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी गुजरातमध्ये पोरबंदर येथे झाला. त्यांच्या आईचे नाव पुतळीबाई. पोरबंदर हे आपल्या भाईंदरसारखेच समुद्राजवळचे गाव. १८८८ साली ते विलायतेला गेले व १८९१ साली बॅरिस्टर होऊन परत आले. १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. एवढे तर सर्वांना पाठ आहे, म्हणून मी मिठाचेच जास्त लिहिणार आहे. माझे आजोबा मिठागरात कामाला होते.

दक्षिण आफ्रिकेत असताना कस्तुरबा आजारी पडल्या. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगितले. हे तुम्हालासुद्धा जमणार नाही, असे कस्तुरबा बोलून गेल्या. झालं! गांधीजींनी त्याच क्षणी एक वर्षासाठी दोन्ही सोडून दिलं. कस्तुरबांना फार वाईट वाटलं, पण गांधीजी काही ऐकेनात. मला वाटतं कस्तुरबांनी बोलायलाच नको होतं. बिनमिठाची भाजी मी एकदा खाल्ली आहे, दुसरा घास घशाखाली उतरला नाही.

१९१५ साली ते भारतात परत आले. तेव्हा मिठावर इंग्रज सरकारचा कर होता. समुद्र आपला, ऊन आपलं, पण सरकारच्या परवानगीशिवाय कोणी मीठ करायचं नाही. केलं तर गुन्हा! गरीब माणूस उन्हात राबतो, घामातून त्याच्या अंगातलं मीठ जातं. आजोबा मिठागरातून घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर पाठीला पांढरे डाग असायचे. ते मीठच. घामातलं पाणी उडून जातं आणि मीठ कापडावर राहतं. म्हणून राबणाऱ्याला मीठ जास्त लागतं, आणि कर त्यालाच जास्त बोचायचा.

आता मीठ कसे होते ते सांगते. भरतीचे खारे पाणी उथळ वाफ्यात घेतात. ऊन आणि वारा लागून पाण्याची हळूहळू वाफ होते. पाणी हा द्रव आणि वाफ हा वायू. त्यासाठी पाणी उकळावे लागत नाही, दोरीवरचे ओले कपडे वाळतात तसेच हे. मीठ मात्र पाण्याबरोबर उडत नाही. पाणी १०० अंशांना उकळते, पण मीठ नुसते वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात. एवढं ऊन कुठून येणार? म्हणून ते खाली राहतं आणि त्याचे खडे बनतात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात बहुतेक मीठच. आमटीत मीठ वितळलं असं पुष्कळ जण म्हणतात, ते चूक आहे. बर्फ वितळतो, मीठ विरघळतं. आजीला हे अजून पटलेलं नाही.

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमती आश्रमातून ७८ जणांना घेऊन पायी निघाले. तेव्हा त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली होती. सुमारे ३८५ किलोमीटर चालून ते ५ एप्रिलला दांडी येथे पोचले. ६ एप्रिलला सकाळी समुद्रात स्नान करून त्यांनी किनाऱ्यावरचे मूठभर मीठ उचलले. ते कोणी माणसाने केले नव्हते, सूर्यानेच केले होते. तरी कायदा मोडला!

मग देशभर लोक मीठ करू लागले. आपल्या जवळ विलेपार्ले येथे जमनालाल बजाज यांची छावणी होती. तिथे समुद्राचे पाणी आणून चुलीवर उकळत. उन्हाला जे करायला कितीतरी दिवस लागतात ते विस्तव लवकर करतो, पण लाकडं फार जळतात. मे महिन्यात कोकणात शिरोडा येथेही सत्याग्रह झाला. हजारो लोक तुरुंगात गेले. गांधीजींना ५ मे रोजी पकडून पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले.

१९३१ साली गांधीजी आणि व्हाइसरॉय आयर्विन यांचा करार झाला. समुद्रकाठच्या लोकांना घरापुरते मीठ घ्यायला मोकळीक मिळाली. कर मात्र चालूच राहिला. तो उठला १९४७ साली, आणि त्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला जाताना गांधीजींवर गोळ्या झाडण्यात आल्या व ते वारले.