हलक्या हाताचा शस्त्रवैद्य : हार्वे कुशिंग

पायात काटा मोडला की आई मला उंबऱ्यावर बसवी आणि सुईने तो काढी. काटा दिसत असला तरी ती घाई करीत नसे. भोवतालचे मांस न दुखवता सुई काट्याच्या मुळाशी कशी न्यायची, इकडेच तिचे सारे लक्ष असे. ग्रंथालयात हार्वे कुशिंग यांच्याविषयी वाचताना मला आईची ती सुई आठवली. कला शाखेच्या विद्यार्थिनीने मेंदूच्या शस्त्रवैद्यावर का लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड येथे झाला. दहा भावंडांत ते धाकटे. पणजोबा, आजोबा, वडील सारेच वैद्य. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, त्यामुळे अशा घराचा हेवा वाटतो. पण वारसा मिळाला म्हणून माणसाची परीक्षा टळत नाही. हार्वर्डला वैद्यकी शिकत असताना कुशिंग यांच्यावर रुग्णाला ईथरची भूल देण्याचे काम आले आणि तो रुग्ण दगावला. तरुण कुशिंग खचून गेले. परंतु ते नुसते हळहळत बसले नाहीत. कॉडमन या आपल्या सहाध्यायासह त्यांनी भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वास यांची वेळोवेळी नोंद करणारे तक्ते तयार केले. एका मृत्यूतून असंख्य रुग्णांच्या रक्षणाची सोय झाली. पुढे १९०१ साली इटलीत पाहिलेले रक्तदाब मोजण्याचे साधन त्यांनी अमेरिकेत नेले, तेही याच काळजीपोटी.

१८९६ मध्ये ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉल्स्टेड यांच्या हाताखाली गेले. झटपट कापण्यात भूषण मानणारे शस्त्रवैद्य तेव्हा पुष्कळ होते. हॉल्स्टेड मात्र सावकाश, रक्ताचा थेंब न् थेंब अडवीत, हळुवारपणे काम करीत. कुशिंग यांनी हीच रीत मेंदूसाठी उचलली.

मेंदूला तिची गरज सर्वांत अधिक. जिवंत मेंदू खरवसासारखा मऊ असतो. खोलवरची गाठ काढायची तर वरचा मेंदू बाजूला धरावा लागतो आणि त्यासाठी धातूची पातळ, वाकवता येणारी पट्टी वापरतात. ही पट्टी जोराने वा फार वेळ दाबली गेली, तर तिच्या कडेखालच्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही आणि चांगला मेंदू मरतो. गाठ निघते, पण रुग्णाची वाचा किंवा हात जातो. म्हणून काय कापावे याइतकाच, काय किती दाबावे हाही येथे जीवनमरणाचा प्रश्न असतो.

कुशिंग यांनी या प्रश्नाला अनेक बाजूंनी हात घातला. १९११ साली रक्तवाहिनी मिटवणारे चांदीचे इवलेसे चिमटे त्यांनी पुढे आणले. मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडे जाण्यासाठी तर त्यांनी मेंदू उचलण्याचेच टाळले. वरच्या ओठाखालून, नाकाच्या पडद्याच्या कडेने ते तिथवर पोचत. १९१० ते १९२५ या काळात अशा २३१ शस्त्रक्रिया त्यांनी केल्या आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा ५.६ इतके खाली ठेवले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिकांच्या डोक्यातील छर्ऱ्यांसाठी त्यांनी जखमेच्याच वाटेने मऊ रबरी नळी घातली आणि लोखंडाचे तुकडे चुंबकाने ओढून काढले.

त्याच युद्धात, १९१७ साली, त्यांचे गुरुतुल्य मित्र सर विल्यम ऑस्लर यांचा मुलगा जखमी होऊन मरण पावला, तेव्हा कुशिंग त्याच्यापाशी होते. ऑस्लर यांच्या निधनानंतर कुशिंग यांनी त्यांचे द्विखंडात्मक चरित्र लिहिले आणि १९२६ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. म्हणूनच हा शस्त्रवैद्य आम्हा कलावाल्यांचाही आहे!

१९२६ हे वर्ष मात्र विलक्षण ठरले. जून महिन्यात त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी कळल्यावरही त्यांनी त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. ऑक्टोबरमध्ये बोव्ही या शास्त्रज्ञाने बनवलेले विजेचे साधन त्यांनी प्रथम वापरले. त्यामुळे रक्त थांबवणे सोपे झाले आणि पूर्वी हात न लावता आलेल्या गाठी काढता येऊ लागल्या.

येथे मला थांबावेसे वाटते. परक्याच्या मेंदूशी इतके हळुवार वागणारा हा माणूस सहायकांना टोचून बोले आणि घराला त्याचा वेळ फारसा मिळत नसे. पाच मुलांचा भार मुख्यतः पत्नी कॅथरिन यांनी वाहिला. थोरांची चरित्रे लिहिताना आपण हा भाग गाळतो. पण तो गाळला तर त्या थोरवीची किंमत कुणी मोजली, हे कळणार नाही.

नाकातली वाट कुशिंग यांनी स्वतः पुढे सोडली. परंतु त्यांच्याकडे शिकून गेलेले एडिंबरोचे नॉर्मन डॉट यांनी ती जपली. डॉटकडून ती फ्रान्सच्या गियो यांच्याकडे गेली आणि गियोंकडून माँट्रिअलच्या हार्डी यांच्याकडे. हार्डींनी १९६० नंतरच्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. आज खोल गाठींसाठी पट्टीऐवजी बारीक नळीही वापरतात. ती मेंदूचे तंतू कापण्याऐवजी हळूच बाजूला सारते आणि तिचा दाब एका कडेवर न येता सभोवार वाटला जातो.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे कुशिंग हृदयविकाराने निवर्तले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूच्या खोल पोकळीत सुमारे एक सेंटिमीटरची पुटी सापडली. दोन हजारांहून अधिक मेंदूच्या गाठींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाच्या डोक्यात ती मुकाट्याने बसली होती. तशी पुटी आज अशाच नळीतून काढता येते.

मित्रहो, आपल्यापैकी फारच थोडे शस्त्रवैद्य होतील. पण पुढे कुणी शिक्षक होईल, कुणी कचेरीत बसेल. तिथे दुसऱ्याचा काटा काढायची वेळ आली, तर भोवतालचे मांस दुखवू नये, एवढे तरी आपण या माणसाकडून घ्यावे. आणि घरच्यांशी बोलताना तो जे विसरला, तेही लक्षात ठेवावे.

(द्वितीय वर्ष, कला)