वाळू ओळखणारा माणूस

बरीच वर्षे झाली या गोष्टीला. दापोलीकडच्या एका किनाऱ्यावर मी मेव्हण्याची जीप ओल्या वाळूवरून कोरड्या वाळूत घातली आणि मिनिटभरात मागची चाके आसापर्यंत रुतली. गाडीत बायको, बहीण आणि तीन मुले. समुद्र अजून लांब होता. पण भरती किती वाजता आहे ते मला ठाऊक नव्हते आणि हे मी कुणाला सांगितलेही नाही. शहरातला माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केले. अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाके गरगरली, वाळू उडाली, जीप आणखी वीतभर खाली गेली.

शेजारी जाळे आवरत बसलेले एक कोळी काका हे सगळे शांतपणे पाहत होते. ते उठून आले, मला खाली उतरवले आणि काडेपेटीतली एक काडी घेऊन चारही टायरमधली हवा सोडायला लागले. मी घाबरलोच. टायर चांगले बसके झाल्यावर त्यांनी हाताने चाकांपुढची वाळू उपसली, नारळाच्या झावळ्या अंथरल्या आणि गाडी हळू, न थांबता काढायला सांगितली. गोठ्यातून गाय बाहेर यावी तशी जीप बाहेर आली. पैसे त्यांनी घेतले नाहीत. हवा भरेपर्यंत गाडी पळवू नका, एवढी ताकीद मात्र दिली.

ही काडी मला परवा आठवली. माझ्या पुतण्याने नुकतीच चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली आहे. सह्याद्रीतल्या गडांच्या पायथ्याची गावे, जिथे एस.टी. दिवसातून एकदा जाते किंवा जातच नाही, तिथपर्यंत गाडीने जायचे आणि मग चढायला लागायचे, असा त्याचा बेत. गाडीला काय काय बसवायचे याची यादी त्याने माझ्यापुढे ठेवली. टपावर दिव्यांची रांग, पुढे पोलादी बंपर, दोर ओढणारा विंच, टपावर कॅरिअर, दांडगे टायर. काका, अजून काय लावू, असे त्याने विचारले. मी त्याला रॅल्फ बॅग्नॉल्डची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्यालाही सांगतो.

बॅग्नॉल्डचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टला, लष्करी इंजिनिअरच्या घरात झाला. खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी १८८४ साली जी फौज नाईल नदीने वर गेली, तिच्यात त्याचे वडील होते. म्हणजे वाळवंट घरात आधीच शिरलेले होते. बहीण एनिड पुढे लेखिका म्हणून नावारूपाला आली. तिची ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ ही कादंबरी १९३५ ची. रॅल्फ मात्र यंत्रांत रमणारा. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या चिखलात त्याने सॉम आणि पॅशेनडेलच्या लढाया पाहिल्या. युद्ध संपल्यावर केंब्रिजला जाऊन इंजिनिअरिंग शिकला, पुन्हा सैन्यात आला आणि १९२६ च्या सुमारास कैरोला नेमला गेला.

कैरोतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे फावल्या वेळचे उद्योग म्हणजे पोलो, टेनिस आणि क्लब. बॅग्नॉल्ड आणि त्याच्या चार मित्रांना त्यात रस नव्हता. नाईलच्या पश्चिमेला सुरू होणारे लिबियाचे वाळवंट त्यांना खुणावत होते. नकाशावर त्याचा मोठा भाग कोरा होता. उंटावरून जायचे तर महिने लागणार, आणि नोकरदार माणसाकडे असते काय तर शनिवार-रविवार आणि साठवलेली रजा. तेव्हा गाडीच हवी. पण कोणती?

त्या काळात इजिप्तचा राजपुत्र कमाल अल्-दीन याने या वाळवंटात मोठ्या मोहिमा काढल्या होत्या. त्याच्याकडे सित्रोएनच्या पट्टेवाल्या गाड्या होत्या : पुढे चाके, मागे रणगाड्यासारखे पट्टे. वाळवंटासाठी मुद्दाम बनवलेले ते वाहन होते, आणि त्याच्या दिमतीला रसद पोचवणारे उंटांचे तांडेही असत. राजपुत्राला ते परवडत होते. बॅग्नॉल्डने निवडली फोर्डची मॉडेल टी, म्हणजे अमेरिकेतला शेतकरी भाजीपाला बाजारात नेण्यासाठी वापरायचा ती. जोर मागच्या दोनच चाकांना. पण गाडी हलकी, पोट जमिनीपासून चांगले उंच, किंमत बेताची आणि कुणीही पान्हा घेऊन दुरुस्त करावी अशी साधी. पुढे फोर्डचीच मॉडेल ए आली तेव्हा त्यांनी ती घेतली. खर्च सगळा खिशातला.

मग गाडीला काय लावले? आधी काढले. जे जे नसले तरी चालेल ते ते उतरवले. जड बॉडी काढून साधी लाकडी पेटी बसवली. जेवढे लोखंड कमी तेवढे पेट्रोल आणि पाणी जास्त, असा सरळ हिशेब. माझ्या मते बॅग्नॉल्डचे निम्मे शहाणपण या उतरवण्यात आहे. पुतण्याच्या यादीत नेमका हाच रकाना नव्हता.

लावले त्यातही विकत घेण्यासारखे फारसे काही नव्हते. पहिली अडचण पाण्याची. वाळूत गाडी खालच्या गिअरमध्ये ओढत राहिली की रेडिएटर उकळतो आणि माणसांच्या वाटणीचे पाणी वाफ होऊन उडून जाते. बॅग्नॉल्डने रेडिएटरचा जादा पाणी सांडायचा मार्ग बंद केला, वरून एक नळी काढली आणि ती पायरीवर बांधलेल्या, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ डब्यात जाऊन थंड होई आणि तिचे पाणी होई. डबाही उकळायला लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. इंजिन निवले की रेडिएटर ते पाणी आपणच परत ओढून घेई. पहिल्या महायुद्धात याच वाळवंटात फिरलेल्या हलक्या मोटारींच्या तुकड्यांनीही अशी युक्ती केली होती, हे न्याय म्हणून सांगायला हवे. बॅग्नॉल्डने ती इतकी पक्की केली की दिवसचे दिवस रेडिएटरमध्ये थेंबभर पाणी घालावे लागत नसे.

दुसरी अडचण दिशेची. साधे होकायंत्र गाडीतल्या लोखंडामुळे बहकते. त्याने सूर्याचे होकायंत्र बसवले : अंश आखलेली आडवी तबकडी आणि मधोमध उभी काडी. काडीची सावली पाहत गाडी हाकायची आणि सूर्य सरकेल तशी तबकडी फिरवायची. म्हणजे आपल्या आजीने अंगणातल्या सावलीवरून वेळ सांगावी, त्याचीच उलटी रीत. रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन नेमके ठिकाण काढायचे.

तिसरी अडचण रुतण्याची. कैरोच्या जुन्या बाजारात त्याला सुमारे पाच फुटी पोलादी पन्हळी सापडल्या. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला त्या बनवल्या होत्या. चाकापुढे उकरून पन्हळ घालायची, गाडीने तिच्यावर चढायचे आणि घट्ट जमीन लागेपर्यंत अजिबात थांबायचे नाही. मागे राहिलेल्या मंडळींनी तापलेल्या पन्हळी खांद्यावर घेऊन धावायचे. आणि टायर? त्यांतली हवा कमी करायची. बसका टायर जमिनीला जास्त टेकतो, भार पसरतो आणि वाळू दबून जायच्या आत गाडी पुढे निघते. आमच्या कोळी काकांनी हे पुस्तक वाचले नव्हते.

एवढ्या तयारीनिशी १९२९ आणि १९३० साली हे मित्र ‘वाळूच्या महासागरा’वर गेले. मधल्या काळात बॅग्नॉल्डची बदली हिंदुस्थानात झाली होती. तो इथून रजा काढून जाई. इजिप्त आणि लिबियाच्या सरहद्दीवरचा हा महासागर म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेल्या टेकड्यांच्या लाटा, काही शंभर मीटरहून उंच. १८७४ साली जर्मन प्रवासी रोल्फ्स उंट घेऊन आला होता. या लाटा ओलांडणे अशक्य, असे ठरवून तो त्यांच्या कडेने उत्तरेला सीवाकडे वळला. जिथे उंटाने हात टेकले तिथे मोटार जाणार नाही, हे सगळ्यांनी धरूनच चालले होते.

बॅग्नॉल्ड टेकडीपुढे उभा राहिला. मग गाडी मागे घेतली आणि ताशी चाळीसेक मैलांच्या वेगाने सरळ त्या भिंतीवर घातली. क्षणभर काहीच कळेना, कारण त्या उजेडात वाळूला उंची-खोली दिसत नाही, सगळे एकच पिवळे झगझगीत. आणि गाडी रुतण्याऐवजी वर चढत गेली, माथ्यावर जाऊन थांबली. वाऱ्याच्या अंगाला, थरावर थर दाबून बसलेली वाळू घट्ट असते. आडोशाच्या अंगाला घसरून पडलेली वाळू भुसभुशीत असते. रंग तोच, कण तेच, पण एक भिंत आणि एक विहीर. माथ्याची धार बेसावधपणे ओलांडली तर पलीकडे गाडी कोलांटी खाणार, हाडे मोडणार, आणि मदत शेकडो मैलांवर. तेव्हा पुढे एकच काम उरले : वाळू ओळखायची. त्यांनी ती ओळखली आणि १९३० मध्ये महासागर ओलांडून गिल्फ कबीरच्या पठाराकडे आणि उवैनात डोंगराकडे गेले. १९३२ साली ते आणखी दूर, सुदानपर्यंत हजारो मैल हिंडून आले.

१९३० च्या नोव्हेंबरात वादी हल्फाच्या एका ग्रीक दारूच्या गुत्त्यात या वेड्यांनी एक मंडळ काढले. झरझुरा या दंतकथेतल्या हरवलेल्या ओॲसिसचे नाव त्याला दिले. पुढे त्याच वर्तुळात हंगेरीचा लास्लो आल्माशी आला, तोही मोटारींचा दर्दी. या नावाकडे लक्ष ठेवा.

१९३५ साली बॅग्नॉल्डने सैन्य सोडले. पण वाळू त्याला सोडेना. टेकड्या अशा शिस्तीत का उभ्या राहतात, दोन टेकड्या एकमेकींपासून ठरावीक अंतर का राखतात, हे त्याला छळत होते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्याने वाऱ्याचा बोगदा बांधला, वाळूचे कण कसे उड्या मारत जातात ते मोजले, १९३८ साली तेच पडताळायला पुन्हा वाळवंटात गेला. १९४१ साली त्यावर निघालेले पुस्तक आजही त्या विषयाचा पाया मानले जाते.

आणि मग युद्ध आले. इथे मला ही गोष्ट सांगताना नेहमी अडखळायला होते. १९३९ साली बॅग्नॉल्डला परत बोलावून पूर्व आफ्रिकेकडे रवाना केले. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली आणि दुरुस्तीसाठी ते पोर्ट सैदला लागले. तो आगगाडीने कैरोला जुन्या मित्रांना भेटायला गेला. तिथल्या वर्तमानपत्रात त्याच्या येण्याची बातमी छापून आली आणि जनरल वेव्हेलने त्याला तिथेच ठेवून घेतले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. लिबिया इटलीच्या ताब्यात, इजिप्त इंग्रजांच्या, आणि दक्षिणेला मधे तेच वाळवंट, जे ओलांडता येत नाही असे दोन्ही सैन्ये समजत होती. बॅग्नॉल्डने वेव्हेलपुढे आपली योजना ठेवली. वेव्हेलने सहा आठवडे दिले.

हौसेसाठी शिकलेले सगळे आता कामाला लागले. मित्र गोळा केले, न्यूझीलंडचे तरुण घेतले. त्यांत शेतावरचे बरेच होते, त्यांना गाड्या सांभाळायची सवय होती. शेव्हरोलेचे दीड टनी साधे ट्रक विक्रेत्यांकडून आणि इजिप्तच्या सैन्याकडून मिळवले. दारे काढली, काचा काढल्या, स्प्रिंगा भक्कम केल्या, डबे आणि पन्हळी बांधल्या. तुकडीचे नाव पडले लाँग रेंज डेझर्ट ग्रुप. १९४१ साली त्यांना चारही चाकांना जोर असलेले फोर्ड ट्रक मिळाले. ते जड निघाले, शेव्हरोलेच्या जवळजवळ दुप्पट पेट्रोल प्यायचे, म्हणून पल्ला घटला. १९४२ साली मंडळी पुन्हा दोनच चाकांना जोर असलेल्या शेव्हरोलेवर आली. हे वाक्य मी पुतण्याला दोनदा सांगितले. आपल्याकडच्या घोडदळांतल्या जवानांचीही अशी एक तुकडी, इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन, १९४२ मध्ये त्यांच्या जोडीला होती.

त्यांनी विमानतळ जाळले, पेट्रोल उडवले, महामार्गालगत आडोशाला पडून शत्रूच्या गाड्या मोजल्या. जानेवारी १९४१ मध्ये मुर्झुकच्या किल्ल्यावर छापा घातला आणि महिनाअखेर एका झटापटीत बॅग्नॉल्डचा जुना सहकारी पॅट क्लेटन इटालियनांच्या हाती सापडला. त्याच झटापटीत गाड्या जळून मागे राहिलेले चौघे दक्षिणेकडे चालू लागले, जवळ दोन गॅलनही पाणी नव्हते. दहा दिवसांनी त्यांतला शेवटचा, मूर नावाचा जखमी शिपाई, फ्रेंचांना सापडला, तेव्हा तो दोनशे मैलांवर चालला होता आणि अजून चालतच होता. चौघांतला एक वाचला नाही. त्या वाळूत गाडी म्हणजे काय, ते या दहा दिवसांवरून कळते.

आणि आल्माशी? तो जर्मनांच्या बाजूला गेला. १९४२ च्या मे महिन्यात, इंग्रजांकडून हस्तगत केलेल्या फोर्ड गाड्या घेऊन, त्याच वाळवंटातून त्याने दोन जर्मन हेर नाईलकाठी नेऊन सोडले. ज्या वाटा या मंडळींनी सुट्टीत, शेकोटीभोवती बसून एकमेकांना सांगितल्या होत्या, त्याच वाटांवर ते आता एकमेकांचा माग काढत होते. बॅग्नॉल्डने तोवर तुकडी गाय प्रेंडरगास्ट या जुन्या सोबत्याकडे सोपवली होती.

पुढचे आयुष्य निवांत गेले. १९४४ साली रॉयल सोसायटीचा फेलो झाला, १९४६ साली, पन्नाशीत, लग्न केले, दोन मुले झाली. नंतरची बरीच वर्षे नद्यांच्या तळाशी वाहणाऱ्या गाळाचा अभ्यास केला. १९७७ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, मंगळावरच्या वाळवंटांबद्दल बोलायला अमेरिकेच्या ‘नासा’ने त्याला बोलावले. २८ मे १९९० रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. २००९ साली मंगळावर ‘स्पिरिट’ नावाची सहा चाकांची गाडी मऊ वाळूत रुतली. पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने खटपट केली. ती काही निघाली नाही. तिथे पन्हळी घेऊन धावणारे कोणी नव्हते. त्यानंतर २०१५ च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ मंगळावरच्या ज्या काळ्या टेकड्यांपाशी पोचली, त्यांना बॅग्नॉल्डचे नाव दिलेले आहे.

पुतण्याने हे सगळे ऐकून घेतले. यादीतले दिवे आणि बंपर खोडले. विंच मात्र ठेवला, आणि पावसाळ्यातला आपला लाल चिखल पाहता ते बरोबरच आहे, वाळूचे नियम चिखलाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. हवा भरायचा छोटा पंप आणि दाब मोजायचे घड्याळ मी त्याला माझ्याकडून घेऊन दिले.

मी त्याला एक छायाचित्रही दाखवले. १९८० साली लिबियाच्या वाळवंटात त्या तुकडीचा एक शेव्हरोले ट्रक सापडला, तो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला दिला गेला. रंगरंगोटी न करता, सापडला तसाच ठेवलेला. गंजून तपकिरी झालेला. दार नाही, काच नाही, टप नाही. पुतण्या बराच वेळ ते चित्र पाहत होता. मग त्याने विचारले, काका, यातले गंजून गेलेले किती आणि त्यांनीच काढलेले किती?