देवगावच्या बहिणाबाई

बहिणाबाई म्हटले की खानदेशच्या चौधरी आठवतात. मला मात्र वेरूळजवळच्या देवगावात 1628 साली जन्मलेल्या संत बहिणाबाई अधिक अस्वस्थ करतात. तिसऱ्या वर्षी तिशीच्या बिजवराशी लग्न. कोल्हापुरात तुकोबांनी स्वप्नात उपदेश दिला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, म्हणून वेदपाठी नवऱ्याने मारझोड केली. पुढे आजारातून उठल्यावर तोच तिला घेऊन देहूला गेला! बाईला वेदाचा अधिकार नाही, ही खंत त्यांच्या अभंगांत आहेच. पण बौद्ध अश्वघोषाच्या नावावरची ‘वज्रसूची’ही त्यांनी मराठीत आणली. ब्राह्मण कोण, जन्माने की ज्ञानाने? मला वाटते, हा प्रश्न त्यांना घरातच भेटला होता. 1700 साली त्या वारल्या. त्याआधी मुलाला मागचे बारा जन्म सांगून.